स्क्रीन कोरी का राहते: कीबोर्ड, फाइल आणि एक अक्षर पुढं बघण्याची भानगड

समजा, वणीकडच्या एखाद्या जिनिंगवर काट्याची पावती काढायला छोटा प्रोग्राम लिहायचा आहे. टोकन नंबर विचारायचा, भरल्या गाडीचं वजन किलोत घ्यायचं, कापूस खाली झाला की रिकाम्या गाडीचं घ्यायचं, वजाबाकी करून शंभरानं भागायचं आणि क्विंटल छापायचे. हिशेब चौथीतल्या पोराचा. तरी प्रोग्राम सुरू केल्यावर नेहमीची बोंब उठते: स्क्रीन कोरी, कर्सर लुकलुकतोय, प्रश्न कुठंच नाही. ‘‘सर, हे तं हँग झालं.’’ हँग झालेलं काही नसतं. प्रोग्रामला पुढचं अक्षर बघायचं असतं आणि ते अजून कोणी दाबलेलंच नसतं.

फाइलला ‘पुढं काय आहे?’ विचारलं तर उत्तर लगेच मिळतं: अमुक अक्षर आहे, नाहीतर फाइल संपली. कीबोर्डला तेच विचारलं तर तिसरी शक्यता उभी राहते, ती म्हणजे अजून काही आलेलंच नाही. काट्यावर बसलेल्या माणसाला ‘मागं गाडी आहे का?’ विचारलं आणि रस्ता रिकामा असला, तर गाड्या संपल्या की पुढची गाडी अजून फाट्यावर आहे हे तो सांगू शकत नाही. त्याला थांबावंच लागतं. प्रोग्रामही थांबतो. म्हणून प्रत्येक प्रोग्रामिंग भाषेच्या मानकाला, म्हणजे अधिकृत नियमावलीला, दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: पुढं डोकावून नेमकं केव्हा बघायचं, आणि बघितलेलं अक्षर परत ठेवता येईल की नाही.

डोकावायचं कशाला, असं कोणी म्हणेल. आकडा वाचायचा तर त्याला इलाज नाही. भरल्या गाडीचं वजन ६२४० आहे. प्रोग्राम सहा वाचतो, दोन वाचतो, चार वाचतो, शून्य वाचतो. आकडा संपला हे त्याला कधी कळतं? पुढचं अक्षर आकडा नाही हे बघितल्यावरच. त्याआधी ते ६२४०५ असू शकतं. म्हणजे कोणताही आकडा वाचताना एक अक्षर जास्तीचं बघावंच लागतं. कीबोर्डवर हे खपून जातं, कारण टर्मिनल (कीबोर्ड-स्क्रीनची जोडी) एरवी ओळीच्या हिशेबानं चालतं. एन्टर दाबेपर्यंत प्रोग्रामकडं काही जातच नाही, तोवर बॅकस्पेसनं खोडता येतं आणि एन्टर दाबला की ओळीच्या शेवटच्या खुणेसकट अख्खी ओळ एकदम जाते. शून्यानंतर बघायचं ते जास्तीचं अक्षर म्हणजे ही खूण, आणि ती आधीच आलेली असते. अडचण सुरू होते ती या खुणेच्याही पुढं बघायची वेळ आली की.

पास्कल भाषेत ती वेळ पहिल्याच पावलाला आली. निकलाउस विर्त यांनी झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात १९७० च्या सुमारास पास्कल घडवली, तेव्हा प्रोग्राम आणि त्याचा डेटा कार्डांच्या गठ्ठ्यात एकदमच यंत्राला द्यायची पद्धत होती. समोर बसून उत्तर देणारा माणूस त्या आराखड्यात नव्हताच. पास्कलमध्ये प्रत्येक फाइलला एक बफर व्हेरिएबल असतं. इनपुटचं असेल तर ते ‘इनपुट’ पुढं बाण लावून लिहितात. त्यात नेहमी पुढचं, अजून न उचललेलं अक्षर ठेवलेलं असतं. ‘रीसेट’ केलं की पहिलं अक्षर त्यात येतं, ‘गेट’ केलं की त्यापुढचं. आणि ‘रीड’ म्हणजे बफरमधलं अक्षर घ्या, मग गेट करा.

गठ्ठ्यासाठी ही रचना फार सुरेख आहे. पुढचं अक्षर कायम हाताशी, ‘ईओएफ’ म्हणजे फाइल संपली का आणि ‘ईओएलएन’ म्हणजे ओळ संपली का, ही दोन्ही उत्तरं तयार. पण हीच रचना टर्मिनलवर जशीच्या तशी आणली की काय होतं ते बघा. प्रोग्राम सुरू होताना इनपुटचं रीसेट आपोआप होतं. म्हणजे पहिली ओळ चालायच्या आधीच, ‘टोकन नंबर?’ छापायच्याही आधी, प्रोग्रामला पहिलं अक्षर पाहिजे. समोर काही दिसत नाही म्हणून माणूस काही टाइप करत नाही, आणि माणूस टाइप करत नाही म्हणून समोर काही येत नाही. पुढं प्रत्येक ‘रीडएलएन’ ला तोच खेळ. रीडएलएनचा अर्थ ओळीची खूण ओलांडून पुढच्या ओळीच्या पहिल्या अक्षरावर जाऊन उभं राहणं. त्यामुळं टोकन टाकून एन्टर मारला तरी दुसरा प्रश्न येत नाही. काहीतरी आणखी टाइप केल्यावर येतो. सगळा संवाद एका ओळीनं मागं चालतो.

यावर वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळे तोडगे काढले. यूसीएसडी पास्कलनं ‘इंटरॅक्टिव्ह’ नावाचा फाइलचा वेगळा प्रकारच आणला. त्यात रीसेट पहिलं अक्षर आणत नाही आणि रीडचा क्रम उलटा आहे: आधी गेट, मग बफरमधलं अक्षर घ्या. प्रश्न वेळेवर दिसू लागले, पण ईओएफ आणि ईओएलएन यांचा अर्थ बदलला. ते आता पुढच्या अक्षराबद्दल बोलत नाहीत, नुकत्याच वाचलेल्या अक्षराबद्दल बोलतात. एकच लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा भाग) साध्या फाइलवर बरोबर आणि या प्रकारावर एका अक्षरानं चुकीचा. टर्बो पास्कलनं तर बफर व्हेरिएबल, गेट आणि त्याचा लिहायचा जोडीदार पुट काढूनच टाकले.

आयएसओ ७१८५ हे पास्कलचं मानक १९८३ साली आलं आणि १९९० साली सुधारलं. त्यानं भाषेचा अर्थ बदलला नाही. रीसेट, गेट ही कामं प्रत्यक्षात कोणत्या क्षणी करायची, एवढंच कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत आणणारं साधन) बनवणाऱ्यावर सोडलं, आणि काय केलं ते कागदोपत्री सांगायला लावलं. एवढ्या फटीतून ‘आळशी’ वाचन कायदेशीर झालं. आळशी वाचनात बफरला एक निशाण जोडलेलं असतं: भरलेला आहे, की भरायचा बाकी आहे. गेट म्हटलं की फक्त निशाण बदलतं, कीबोर्डकडं कोणी जात नाही. बफरमधलं अक्षर, ईओएफ किंवा ईओएलएन यांपैकी काही खरोखर विचारलं जाईल तेव्हाच अक्षर आणलं जातं. फाइलवर चालणाऱ्या प्रोग्रामला फरक कळतही नाही, आणि टर्मिनलवर प्रश्न आधी, उत्तर नंतर असा सरळ क्रम लागतो. जुनं काही न मोडता नवं सोडवलेलं असं उदाहरण मानकांच्या इतिहासात क्वचित सापडतं, आणि पास्कलला त्याचं श्रेय फारसं कोणी देत नाही.

पण आळशी वाचनही एका ठिकाणी हात टेकतं. पोरं लूप असा लिहितात: जोवर ईओएफ नाही तोवर ‘टोकन नंबर?’ छापा आणि रीडएलएननं वाचा. इथं प्रश्न छापायच्या आधी ईओएफ विचारलेलं आहे. उत्तर द्यायला पुढचं अक्षर लागतं, ते आणायला प्रोग्राम थांबतो. मग स्क्रीनवर हे दिसतं:

४१
टोकन नंबर?

उत्तर वर, प्रश्न खाली. कंपायलर चुकलेला नाही, लूप चुकला आहे. प्रश्न लूपच्या आधी एकदा छापा, मग ईओएफ तपासा, आणि लूपच्या आत काम झालं की शेवटी पुन्हा छापा. नाहीतर ईओएफचा नाद सोडून ‘टोकन ० म्हणजे बंद’ असं ठरवा. काट्यावर बसलेल्या माणसाला कंट्रोल-डी (इनपुट संपल्याचं सांगणाऱ्या कळा) समजावण्यापेक्षा शून्य समजावणं कितीतरी सोपं.

सी भाषेनं हा प्रश्न उलट्या टोकानं धरला. तिथं पुढचं अक्षर आधीपासून ठेवलेलं नसतं. वाचायचं आणि नको असेल तर ‘अनगेटसी’ नं परत ढकलायचं. १९८९ च्या मानकापासून हमी फक्त एका अक्षराची आहे. दुसरंही परत गेलं तर तुमचं नशीब. ‘एफईओएफ’ सुद्धा पुढं बघत नाही, मागं बघतं: वाचायचा प्रयत्न झाला आणि काही मिळालं नाही, एवढंच ते सांगतं. कीबोर्डसाठी हे सोयीचं, कारण ते विचारल्यानं प्रोग्राम कधीच थांबत नाही. पण पास्कलच्या सवयीनं ‘जोवर एफईओएफ नाही तोवर वाचा आणि बेरीज करा’ असं लिहिलं तर शेवटची नोंद वाचून झाल्यावरही एफईओएफ नाहीच म्हणतं, लूप आणखी एक फेरी मारतो, वाचन फसतं, व्हेरिएबलमध्ये जुनंच वजन असतं आणि ते पुन्हा मिळवलं जातं. शेवटची गाडी ३८ क्विंटलची असेल तर दिवसाच्या बेरजेत ३८ क्विंटल कापूस हवेतून येतो. उपाय म्हणजे वाचणाऱ्या फंक्शननं काय परत दिलं ते बघा. आकडे वाचणाऱ्या ‘स्कॅनएफ’ फंक्शननं १ (म्हणजे एक आकडा मिळाला) दिला तरच वजन आलं असं समजा.

एका अक्षराच्या हमीचा चटका कुठं बसतो त्याचं उदाहरण खुद्द सीच्या मानकात दिलेलं आहे. दशांश आकडा वाचायला सांगितला आणि इनपुटमध्ये शंभरला चिकटून रोमन लिपीत ‘अर्ग्ज’ आलं, तर काय? आपल्याकडं हेच उदाहरण एकराचं होतं. शेतकऱ्याचं क्षेत्र विचारलं आणि ऑपरेटरनं मध्ये जागा न सोडता पाच, ई, के, ए, आर असं टाइप केलं. स्कॅनएफ पाच घेतं. पुढं ई आहे. ई म्हणजे दहाच्या घाताची खूण असू शकते, पाच-ई-तीन म्हणजे पाच हजार, म्हणून ते ईसुद्धा घेतं. पुढं के. आता कळलं की हा घात नव्हता. पण परत ठेवता येतं फक्त एक अक्षर, ते केसाठी वापरलं. ई गेलं ते गेलंच. हाती उरतं ‘पाच-ई’, तो पूर्ण आकडा नाही, म्हणून मानकाप्रमाणे वाचन फसतं आणि व्हेरिएबलमध्ये पाचही येत नाही. त्याच जागी कोणी पाचला चिकटवून हेक्टर लिहिलं असतं तर पाच बिनबोभाट आलं असतं, कारण एच हे अक्षर आकड्यात बसतच नाही. शिवाय तो के इनपुटच्या तोंडाशी तसाच अडून राहतो. लूप पुन्हा आकडा मागतो, के बघून फसतो, पुन्हा मागतो, आणि स्क्रीनवर प्रश्नांचा पाऊस पडतो. (मराठी कीबोर्ड चालू राहून देवनागरी आकडे टाकले गेले तरी हाच पाऊस. स्कॅनएफला ‘पूर्णांक वाच’ सांगणारा साधा टक्का-डी (%d) त्यांना आकडेच मानत नाही.)

म्हणून माणसाकडून काही घ्यायचं असेल तर स्कॅनएफ थेट वापरू नये, हे आमचं ठाम मत. ‘एफगेट्स’ नं अख्खी ओळ घ्या, मग ‘स्ट्रटोडी’ नं तिच्यातून आकडा काढा. ओळ मेमरीत असते, तिथं हवं तितकं पुढं बघून मागं येता येतं. स्ट्रटोडी त्या ओळीतून ५ देतं आणि आकडा कुठं संपला तेही दाखवतं. तिथून पुढं काही उरलं असेल तर ‘फक्त आकडा लिहा’ म्हणून पुन्हा विचारायचं.

स्कॅनएफचे आणखी दोन सापळे जाता जाता. टक्का-डीनं टोकन वाचलं की एन्टरची खूण इनपुटमध्येच राहते. लगेच एफगेट्सनं शेतकऱ्याचं नाव मागितलं की ते ही उरलेली खूण उचलतं आणि नाव कोरं येतं. हे टाळायला काही जण टक्का-डीच्या पुढं ओळीची खूण लिहितात, आणि ते त्याहून वाईट. फॉरमॅटमधली ओळीची खूण किंवा जागा म्हणजे ‘एक एन्टर खा’ असं नाही; ‘रिकामी नसलेली पहिली गोष्ट दिसेपर्यंत सगळं खा’ असा तिचा अर्थ. म्हणजे टोकन टाकून एन्टर मारला, दहादा मारला, तरी प्रोग्राम पुढं सरकत नाही. पुढचं एखादं अक्षर मिळाल्याशिवाय रिकामं संपलं हे त्याला कळणार कसं? पास्कलच्या आळशी नसलेल्या, लगेच पुढं वाचणाऱ्या रीडएलएनचं दुखणं सीमध्ये असं मागच्या दारानं परत आलं.

आणि ‘एफफ्लश’ ला (साचलेलं आउटपुट बाहेर ढकलणारं फंक्शन) स्टँडर्ड इनपुट, म्हणजे एरवी कीबोर्ड, देऊन उरलेलं साफ करायची जी टूम आहे, ती काही कंपायलरांवर चालायची म्हणून पसरली. सीच्या मानकात तिला अर्थच नाही. ओळ संपेपर्यंत एकेक अक्षर ‘गेटचार’ नं वाचून टाकणं हाच सरळ मार्ग. तिथं व्हेरिएबल ‘चार’ (char, अक्षर) प्रकारचं नको, ‘इंट’ (int, पूर्णांक) प्रकारचं ठेवा, नाहीतर फाइल संपल्याची खूण ओळखू येत नाही.

प्रश्न दिसण्याबाबत सीचं मानक काय म्हणतं? स्टँडर्ड इनपुट आणि आउटपुट हे पूर्ण बफर केलेले, म्हणजे बरंच साठवून मग एकदम देणारे, असावेत ते फक्त समोर माणसाशी बोलणारं उपकरण नाही अशी खात्री पटली तरच. हेतूही लिहून ठेवला आहे: प्रोग्राम उत्तराची वाट बघत थांबायच्या आधी प्रश्न खरोखर दिसावा. मात्र माणसाशी बोलणारं उपकरण कशाला म्हणायचं ते अंमलबजावणी करणाऱ्यावर सोडलं आहे. युनिक्सवर टर्मिनल आहे का ते बघून हे ठरवतात. म्हणून तोच प्रोग्राम टर्मिनलवर नीट चालतो, आणि पावत्यांची नोंद राहावी म्हणून आउटपुट पाइपमधून (एका प्रोग्रामचं आउटपुट दुसऱ्याला देणारी जोडणी) ‘टी’ कमांडला (स्क्रीनवर दाखवून फाइलमध्येही लिहिणारी) जोडलं की प्रश्न गायब होतात आणि शेवटी सगळे एकदम सांडतात. विंडोजवर काही आयडीईंच्या (प्रोग्राम लिहायच्या सॉफ्टवेअरच्या) आतल्या खिडकीत हेच होतं, कारण ती खरी टर्मिनल नसते. प्रत्येक प्रश्नानंतर स्टँडर्ड आउटपुटवर एफफ्लश घाला, मग कुठंही चालवा.

सी++ नं हे काम गाठ मारून सोडवलं. सिन (cin, इनपुट) हा कौटला (cout, आउटपुट) बांधलेला असतो, आणि सिनमधून वाचायला गेलं की आधी कौटमधलं साचलेलं बाहेर पडतं. स्पर्धेचे कोडिंगवाले वेग वाढवायला ही गाठ सोडणारी ओळ वर चिकटवतात. स्पर्धेत ते ठीक. तीच ओळ काट्याच्या प्रोग्राममध्ये आली की प्रश्न पुन्हा गायब.

कंट्रोल-डीची एक गंमत आहे. युनिक्समध्ये ओळीच्या सुरुवातीला तो दाबला तर इनपुट संपलं असं धरतात. अर्धी ओळ लिहून दाबला तर तेवढंच लिहिलेलं पुढं जातं, संपत काही नाही. सीच्या मानकानुसार एकदा संपलं की ते संपलेलंच राहायला हवं, जोवर ‘क्लिअरएर’ नं ती खूण पुसत नाही. लिनक्सवरची सीची लायब्ररी जीलिबसी बरीच वर्षं हे पाळत नव्हती, पुन्हा वाचायला गेलं की पुन्हा कीबोर्डकडं जायची. २०१८ मधल्या २.२८ आवृत्तीपासून पाळू लागली, आणि दोनदा कंट्रोल-डी घेणारे काही जुने प्रोग्राम तेव्हा बिघडले.

ॲडा भाषेच्या १९८३ च्या मानकात पास्कलसारखीच अडचण होती, थोडी जास्तच. तिथं ओळ, पान आणि फाइल अशा तिन्हींच्या शेवटाच्या खुणा मानलेल्या आहेत. ‘एंड ऑफ फाइल’ विचारलं तर ओळ, पान आणि फाइल या तिन्ही खुणा लागोपाठ आहेत का ते बघावं लागतं, म्हणजे एन्टरच्याही पुढं. १९९५ च्या मानकानं दोन नेमकी हत्यारं दिली. ‘लुक अहेड’ पुढचं अक्षर न उचलता दाखवतं, आणि ओळ संपली असेल तर तेवढंच सांगून थांबतं, पलीकडं जात नाही. ‘गेट इमिजिएट’ चे दोन प्रकार आहेत: एक अक्षर येईपर्यंत थांबतो, दुसरा थांबत नाही आणि ‘आलं होतं का’ हे वेगळं सांगतो. माणसाच्या इनपुटवर एंड ऑफ फाइल विचारत बसण्यापेक्षा वाचून मोकळं व्हावं आणि ‘एंड एरर’ अपवाद पकडावा.

यातलं सगळ्यात स्वच्छ बोलणं स्कीम भाषेच्या मानकाचं. ‘पीक-चार’ पुढचं अक्षर दाखवतं, आणि रीड-चार जिथं थांबलं असतं तिथं पीक-चारही थांबेल, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. ‘चार-रेडी?’ फक्त विचारतं की आत्ता वाचलं तर थांबावं लागेल का. फाइल संपली असेल तर उत्तर ‘हो, तयार आहे’, कारण संपल्याची खूण वाचायलाही थांबावं लागत नाही. बघणं वेगळं आणि बघता येईल का हे विचारणं वेगळं, हे ज्या भाषेनं पाळलं तिथं वरच्या बहुतेक भानगडी होतच नाहीत.

फोर्ट्रान भाषेचा स्वभाव मुळातच ओळीचा. एक ‘रीड’ म्हणजे एक ओळ, उरलेलं टाकून द्यायचं. प्रश्नासमोर त्याच ओळीवर उत्तर लिहिता यावं म्हणून फोर्ट्रान ९० नं ‘ॲडव्हान्स’ ला ‘नो’ म्हणायची सोय केली, आणि २००३ च्या मानकानं ‘फ्लश’ दिलं. यादीच्या पद्धतीनं, म्हणजे फॉरमॅट न देता, तीन आकडे मागितले आणि माणसानं दोन देऊन एन्टर मारला तर प्रोग्राम मुकाट पुढच्या ओळीची वाट बघतो. तारीख घेताना मात्र जपा. दिवस आणि महिना असे दोन आकडे मागितले आणि कोणी १२/११ लिहिलं, तर तिरपी रेघ म्हणजे यादी संपली असं धरतात. दिवस १२ येतो आणि महिना आधीचाच राहतो, चूक दाखवली जात नाही.

जावाच्या स्कॅनरमध्ये ‘हॅज नेक्स्ट’ थांबू शकतं हे दस्तऐवजात लिहिलेलं आहे, तरी लोक ते लूपच्या तोंडाशी, प्रश्नाच्या आधी लावतात. पास्कलमधला ४१ इथंही तसाच वर दिसतो. ‘नेक्स्ट इंट’ नंतर ‘नेक्स्ट लाइन’ कोरी येणं हेही सीमधलंच. पायथन २ मध्ये स्टँडर्ड इनपुटवर ओळींचा फॉर लूप लावला की तो पुढचा मोठा तुकडा आधीच उचलायला बघायचा, त्यामुळं टाइप केलेल्या ओळी उशिरा पोचायच्या. पायथन ३ मध्ये ते गेलं.

युनिक्सच्या शेलला (टाइप केलेल्या कमांडा चालवणारा प्रोग्राम) तर पुढं न बघण्याची ही मर्यादा पॉझिक्सनं, म्हणजे युनिक्सच्या मानकानं, सक्तीची केली आहे. स्क्रिप्ट स्टँडर्ड इनपुटवरून येत असेल आणि शेलनं चालवलेली कमांडही तिथूनच वाचणार असेल, तर शेलनं स्वतःच्या कमांडपुढचं एकही अक्षर त्या कमांडच्या वाट्याचं खाऊ नये. पाइपवर बघितलेलं परत ठेवता येत नाही, म्हणून तिथं शेलचं ‘रीड’ एकेक बाइट वाचतं आणि मोठ्या फाइलवर रखडतं. पण शेल नियम पाळत असला तरी त्यानं चालवलेली कमांड पाळेल असं नाही. टोकनांच्या यादीवर रीडचा लूप लावून आत एसएसएचनं (दुसऱ्या मशिनवर कमांड चालवायचं साधन) दुसऱ्या मशिनवर नोंद पाठवली, तर एसएसएच उरलेली अख्खी यादी स्वतःचं इनपुट समजून गिळतं आणि लूप पहिल्याच टोकनावर संपतो. अशा ठिकाणी एसएसएचला ‘उणे एन’ पर्याय द्यायचा, किंवा त्याचं इनपुट ‘डेव्ह नल’ या कायम रिकाम्या फाइलकडून घ्यायचं.